कुलाब्याचं आभाळ, सहारचं पाणी

26 जुलै 2005, मंगळवार. काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयातून चित्रांची एक पेटी सहार विमानतळाच्या कार्गोकडे निघाली आहे, असं धरून चला. पेटी कल्पनेतली, पाऊस, भरती आणि त्यांच्या वेळा खऱ्या.

सकाळी 8.30. भरतीला सात तास वीस मिनिटं उरली.
पेटीसोबत जाणारा माणूस टॉर्च तिरपा धरून चित्र न्याहाळतो. तिरप्या उजेडात रंगाचा सुटू पाहणारा पोपडा लगेच दिसतो, चौकटीवरचा जुना ओरखडाही. सगळं कंडिशन रिपोर्टात, फोटोसकट. परदेशात पेटी उघडल्यावर ‘हे आधीचंच’ असं कुणी म्हणू नये म्हणून. झाकणाचे स्क्रू त्याच्या देखत बसतात. बाहेर चिकटवलेली चकती पेटी कलली की रंग बदलते.

11.30.
पाऊस नावापुरता. अंदाज जोरदार सरींचा, पण जुलैत तो कधी नसतो? डॉप्लर रडार मुंबईत तेव्हा नव्हतंच.

दुपारी 2.30. ऐंशी मिनिटं.
टेम्पो माहीमला. पेटी उभी, पट्ट्यांनी आवळलेली, माणूस ड्रायव्हरशेजारी. इथून पुढच्या एका तासात विमानतळाजवळ, सांताक्रूझला 190 मिलिमीटर पाऊस पडला. शहराची पर्जन्यवाहिनी तासाला 25 मिलिमीटरसाठी बांधलेली, तेही ओहोटी असेल तर. मागे फिरायची वेळ होती ती हीच. पण फिरायचं कुणी ठरवायचं? ड्रायव्हर म्हणणार, ‘साहेब, जाऊ की, पुढे कमी होईल.’ वाहतूक कंपनीला विमान गाठायचंय. सोबत्याच्या हातात बहुधा फक्त लक्ष ठेवणं असतं.

3.50.
भरती 4.48 मीटर. विमानतळाभोवती काटकोनात वळवलेली आणि धावपट्टीखालून काढलेली मिठी नदी समुद्रात जाईना, उलट फुगली. कुर्ला, कलिना पाण्यात. अंधेरी आणि मिलन सबवे भरले. मग लोकल थांबल्या, फोन लागेनात, विमानतळ बंद झाला तो तीस तासांहून जास्त.

संध्याकाळ.
महामार्गावर गाड्या जागच्या जागी. ‘पेटी नजरेआड होऊ द्यायची नाही’ हा या कामातला पहिला नियम. पण काचा आणि दारं न उघडल्यामुळे त्या संध्याकाळी गाड्यांतच गुदमरून माणसं गेली. तेव्हा पाणी दाराला लागलं की पेटी सोडून उतरायचं, हे सोबत्याच्या करारात स्पष्ट लिहिलेलं हवं. ऐन वेळी त्याच्या निष्ठेवर सोपवू नये. 1998 मध्ये स्विसएअरच्या विमानासोबत पिकासोचं एक चित्र अटलांटिकमध्ये गेलं. विमानातली 229 माणसंही गेली. चित्रासाठी हळहळताना आपण हा दुसरा आकडा बरेचदा विसरतो.

साकीनाक्याला दरड कोसळली. राज्यात हजारावर बळी गेले.

27 जुलै, सकाळी 8.30.
चोवीस तासांची नोंद: सांताक्रूझ 944 मिलिमीटर, कुलाबा 73. म्हणजे कुलाब्याजवळच्या संग्रहालयाच्या खिडकीतून पाहणाऱ्याला नेहमीचा पावसाळी मंगळवार दिसला असणार. माहीमहून वळलेली पेटी कदाचित कोरडी परतली असती आणि त्या दिवशी तरी सोबत्याला कुणी जाब विचारला नसता. पण पाऊस नुसताच हुलकावणी देऊन गेला, अशा दुपारी पेटी मागे वळवणाऱ्याला चुकलेल्या विमानाचं भाडं कोणाच्या खात्यातून भरायचं, हे आधी विचारतात.