विचारणाराचा अधिकार

कोणत्याही विद्येच्या इतिहासांत उत्तरें देणारांचीं नांवें राहतात. प्रश्न विचारणारांचीं सहसा राहत नाहींत. यंत्राचा शोध लावणारा, ग्रंथ लिहिणारा, संस्था काढणारा यांचीं चरित्रें लिहिलीं जातात. पण ‘हें असें कां होतें?’ किंवा ‘एवढी एक सोय असती तर बरें झालें असतें’ असें म्हणणारा सामान्य मनुष्य त्या चरित्रांच्या कडेलाहि उभा दिसत नाहीं. लिनक्स व त्या जातीचें मुक्त सॉफ्टवेअर यांचा गेल्या चार दशकांचा इतिहास या नियमास बराचसा अपवाद आहे. आणि म्हणूनच संगणकशास्त्राशीं संबंध नसलेल्या वाचकासहि तो विचार करावयास लावील असें वाटतें.

विषय समजण्यापुरती परिभाषा प्रथम सांगणें अवश्य आहे. संगणकाच्या आज्ञावलीचीं दोन रूपें असतात. एक, मनुष्यानें लिहिलेला व मनुष्यास वाचतां येणारा मूळ पाठ, ज्यास सोर्स कोड म्हणतात. दुसरें, त्यावरून सिद्ध केलेलें व केवळ यंत्रास कळणारें रूप. विकत घेतलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरबरोबर हें दुसरें रूप तेवढें हातीं येतें. मुक्त सॉफ्टवेअरबरोबर मूळ पाठहि मिळतो. तो वाचण्याची, बदलण्याची व बदललेला पाठ दुसऱ्यास देण्याची मुभाहि मिळते. वापरणाराचे प्रश्न दोहोंकडे सारखेच क्षुल्लक व सारखेच जिव्हाळ्याचे असतात: प्रिंटर चालत नाहीं, ध्वनि येत नाहीं, मराठी जोडाक्षर मोडून दिसतें, अमुक बटण डावीकडे असावें. फरक आहे तो विचारणाराच्या स्थानांत. एकीकडे तो अर्जदार आहे. दुसरीकडे, निदान तत्त्वतः, भागीदार आहे. हा पालट कसा घडला व त्याची किंमत कोणास द्यावी लागली, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

आरंभ एका प्रिंटरपासून होतो. अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तो जलद होता, पण त्यांत कागद वारंवार अडके, आणि अडकल्याचें आपल्या जागीं बसलेल्या मनुष्यास कळत नसे. जुन्या प्रिंटरच्या बाबतींत रिचर्ड स्टॉलमन यांनीं आज्ञावलींतच फेरफार करून ठेविला होता. कागद अडकला कीं, वाट पाहणाराच्या पडद्यावर तसा निरोप उमटे. हीच सोय नव्या यंत्रास जोडावी, एवढी त्यांची माफक इच्छा होती. परंतु नव्या यंत्राबरोबर मूळ पाठ आला नव्हता. तो ज्यांच्याजवळ होता अशा कार्नेगी मेलन विद्यापीठांतील एका संशोधकांकडे स्टॉलमन यांनीं तो मागितला, तेव्हां ‘कोणास न देण्याचें वचन मीं दिलें आहे’ अशा अर्थाचें उत्तर मिळालें. ज्ञान असून, इच्छा असून, यंत्र समोर असून कागद अडकतच राहिला. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, असें आपण म्हणतों. येथें आडांत पाणी होतें, हातीं पोहराहि होता, पण आडास कुलूप होतें.

या अनुभवाचा परिपाक पुढें एका संकल्पांत झाला. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ या संपूर्ण मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९८५ सालीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था निघाली. आणि १९८९ सालीं ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना सिद्ध झाला, ज्याची दुसरी आवृत्ति जून १९९१ मध्यें प्रसिद्ध झाली. हा परवाना कायद्याच्या इतिहासांतील एक मार्मिक कृति आहे. ग्रंथस्वामित्वाचा कायदा सामान्यतः नक्कल करूं नका असें सांगण्यासाठीं वापरला जातो. येथें त्याच कायद्याच्या आधारें, नक्कल करण्याचा हक्क पुढच्या माणसाकडूनहि हिरावून घेतां येणार नाहीं, असा बंदोबस्त केला आहे. परंतु त्याच परवान्यांत ठळक अक्षरांत आणखी एक कलम आहे, ज्याकडे उत्साही लोकांचें लक्ष कमी जातें. या आज्ञावलीची कसलीहि हमी नाहीं, असें तें कलम म्हणतें. म्हणजे वापरणारास विचारण्याचा, उघडून पाहण्याचा, बदलण्याचा अधिकार मिळाला. पण उत्तर देण्याचें बंधन मात्र कोणावरहि पडलें नाहीं. पुढील साऱ्या इतिहासाचें बीज या विषमतेंत आहे.

आतां लिनक्सकडे वळूं. ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनीं १९८७ सालीं ‘मिनिक्स’ नांवाची एक छोटी प्रणाली आपल्या पाठ्यपुस्तकाबरोबर प्रसिद्ध केली. तिचा मूळ पाठ वाचावयास मिळे, आणि म्हणून जगभरच्या जिज्ञासूंचा तिच्याभोंवतीं मेळा जमला. अमुक सोय घाला, तमुक घाला, असा त्यांचा तगादा सुरू झाला. टॅनेनबाम बहुतेक मागण्या नाकारीत, कारण विद्यार्थ्यास एका सत्रांत समजेल एवढीच ती प्रणाली लहान राहावी असा त्यांचा आग्रह होता. अध्यापन हाच ज्याचा व्यवसाय, त्यास हा आग्रह चुकीचा वाटणार नाहीं. पण नाकारलेल्या इच्छा नाहींशा होत नाहींत. त्या दुसरें दार शोधतात.

तें दार २५ ऑगस्ट १९९१ रोजीं किलकिलें झालें. हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें मिनिक्सच्या मंडळींस उद्देशून एक छोटें निवेदन केलें: आपण केवळ हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहों, मिनिक्समधील काय आवडतें व काय आवडत नाहीं, कोणत्या सोयी हव्या आहेत, तें कळवावें, मात्र त्या सर्व करूंच असें वचन देत नाहीं. इतिहासकारास या निवेदनांत लक्षणीय दिसतें तें असें कीं, एका मोठ्या कार्याचा आरंभ प्रतिज्ञेनें नव्हे, तर विचारपुशीनें झाला.

आणि उत्तरें आलीं. त्यांपैकीं एक जर्मनींतील अशा वापरकर्त्याचें होतें, ज्याच्या संगणकांत अवघी दोन मेगाबाइट स्मृति होती व तेवढ्यांत त्याचें काम भागत नव्हतें. टॉरवाल्ड्स यांच्या स्वतःच्या संगणकास ती अडचण नव्हती. तरीहि १९९१ च्या नाताळच्या सुटींत त्यांनीं, स्मृति अपुरी पडली म्हणजे तिच्यांतील कांहीं भाग तात्पुरता डिस्कवर ठेवण्याची युक्ति लिहून काढली, आणि जानेवारी १९९२ मधील ०.१२ या आवृत्तींत ती सर्वांस मिळाली. मिनिक्समध्यें ही सोय नव्हती. पुष्कळ लोक लिनक्सकडे वळले ते यानंतर. परवान्याचीहि हीच कथा आहे. आरंभींच्या अटींप्रमाणें लिनक्सच्या वाटपासाठीं पैसे घेतां येत नसत. फ्लॉपी भरून देणारांस निदान खर्च तरी वसूल करूं द्यावा, अशी विनंति झाली, आणि १ फेब्रुवारी १९९२ पासून टॉरवाल्ड्स यांनीं वर सांगितलेला जनरल पब्लिक लायसन्स लागू केला. त्या जर्मन गृहस्थाचें नांव आज फारसें कोणास ठाऊक नाहीं. त्याच्या गरजेनें लिनक्सला मिनिक्सच्या पुढें नेलें.

एकाची विनंति एकानें ऐकणें सोपें असतें; हजारोंच्या विनंत्यांस दप्तर लागतें. ऑगस्ट १९९३ मध्यें इयन मर्डॉक यांनीं ‘डेबियन’ हा संच सुरू केला, आणि लवकरच तेथें दोषांची एक सार्वजनिक नोंदवही उघडली गेली. १९९७ सालच्या डेबियनच्या सामाजिक करारांत, आम्ही आमच्या अडचणी लपविणार नाहीं, असें एक कलमच आहे. कोणीहि कळविलेला दोष सर्वांस वाचतां येईल, असा त्याचा अर्थ. या नोंदवहींत दोषांच्या तीव्रतेच्या पायऱ्या आहेत. वरच्या टोकास प्रणाली मोडून टाकणारे दोष, आणि अगदीं तळाशीं ‘विशलिस्ट’, म्हणजे नुसत्या इच्छा. इच्छेस सर्वांत खालची पायरी मिळाली, हें खरें. पण पायरी मिळाली, क्रमांक मिळाला, हेंहि तितकेंच खरें. २०२१ च्या अखेरीस या वहींतील क्रमांकानें दहा लाखांचा आंकडा ओलांडला.

आपल्या मराठीचा या कथेशीं संबंध अक्षरांच्या द्वारें येतो. ‘दुसऱ्या’ या शब्दांतील अर्ध्या र चें आडवें रूप, जें मराठीस अत्यंत नेहमींचें व हिंदीस अपरिचित आहे, तें संगणकावर कसें लिहावयाचें, हा मराठी वापरकर्त्याचा नित्याचा प्रश्न होता. युनिकोडनें त्यासाठीं एक नव्हे, दोन रीती मान्य केल्या आहेत. एक साध्या र वरून, दुसरी नुक्त्याच्या ऱ वरून. ‘ॲ’ हें अक्षर तर २००८ सालच्या ५.१ या आवृत्तींत स्वतंत्र संकेत घेऊन आलें. तोंवर अ ला वरून चंद्र जोडून वेळ भागवावी लागे. पण संकेत ठरला म्हणजे अक्षर पडद्यावर उमटतें असें नाहीं. तें फॉन्टमध्यें काढावें लागतें, आणि जोडाक्षरें जुळविणाऱ्या आज्ञावलीस शिकवावें लागतें. लिनक्सवर हें जुळणीचें काम मुख्यत्वें ‘हार्फबझ’ ही मुक्त आज्ञावली करते, आणि ‘लोहित’ यासारखे भारतीय लिपींचे फॉन्टहि खुल्या परवान्याखालीं मिळतात. ज्यास अक्षराचें वळण ठाऊक आहे असा मराठी मनुष्य तेथें जाऊन दोष दाखवूं शकतो, आणि कसब असल्यास स्वतः अक्षर काढून देऊं शकतो. आपली लिपि नीट दिसावी यासाठीं परक्या कंपनीच्या दारांत तिष्ठत बसण्यापेक्षां ही स्थिति निराळी आहे.

तथापि मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कल्पवृक्ष नव्हे. ‘उबुंटू’ या लोकप्रिय संचाच्या चालकांनीं २००८ सालीं वापरणारांच्या इच्छा मांडण्यासाठीं व त्यांवर मतें घेण्यासाठीं ‘ब्रेनस्टॉर्म’ नांवाची एक व्यवस्था काढली. २०१३ सालीं ती बंद झाली. मतांनीं इच्छेचें वजन कळतें; पण ती पुरविण्यासाठीं कोणीतरी रात्रीं बसून लिहावें लागतें. उलट २०११ सालीं ‘ग्नोम’ या मंडळानें आपल्या पडद्याची जुनी मांडणी टाकून नवी आणली, तेव्हां नाराज झालेल्या लोकांनीं केवळ तक्रार केली नाहीं. आर्जेन्टिनांतील एका वापरकर्त्यानें जुना पाठ घेऊन त्यास नवा फाटा फोडला; ‘माटे’ या नांवानें तो पुढें अनेकांनीं चालविला. मताधिकारापेक्षां हा अधिकार मोठा आहे, पण तो बजावणारास श्रमांचा कर भरावा लागतो.

हे श्रम करणारे लोक कोण? पुष्कळदां घरचें खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणारे. त्यांच्याकडे येणारे प्रश्न संपत नाहींत, आणि त्यांच्या उत्तरांत कधीं कधीं उर्मटपणा येतो. २००१ सालीं एरिक रेमंड व रिक मोएन यांनीं प्रश्न कसा विचारावा यावर एक प्रबंधच लिहिला. आधीं स्वतः शोधा, काय केलें तें नेमकें सांगा, असा त्याचा रोख. पुढें २०१८ सालीं टॉरवाल्ड्स यांनीं सहकाऱ्यांस वापरलेल्या कठोर भाषेबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करून कांहीं दिवस काम दूर ठेविलें. विचारणाराची शिस्त व सांगणाराची सभ्यता हे दोन्ही धडे या समाजास उशिरां शिकावे लागले.

परंतु याहून कडू धडा २०२४ सालचा आहे. ‘एक्सझेड’ ही माहितीचा संकोच करणारी लहानशी आज्ञावली असंख्य लिनक्स संगणकांत असते. तिची देखभाल वर्षानुवर्षें फिनलंडमधील एक गृहस्थ जवळजवळ एकट्यानें, विनावेतन करीत होते. २०२२ च्या सुमारास कांहीं नांवांनीं त्यांच्याकडे तगादा सुरू झाला: सुधारणा उशिरां कां येतात, दुसऱ्यास अधिकार कां देत नाहीं? तीं नांवें बनावट असावींत असा अभ्यासकांचा तर्क आहे. शेवटीं ‘जिया टॅन’ या नांवानें मदत करणाऱ्यास अधिकार मिळाले, आणि त्या नांवानें फेब्रुवारी व मार्च २०२४ मधील आवृत्त्यांत, दूरच्या संगणकांत चोरवाटेनें शिरतां यावें अशी योजना लपविली गेली. वापरणाराची इच्छा, जिनें १९९१ सालीं प्रणाली वाढविली, तीच येथें एका थकलेल्या मनुष्याविरुद्ध हत्यार म्हणून वापरली गेली. मूळ पाठ उघडा आहे म्हणून तो कोणी वाचलाच, असेंहि नव्हे. आणि चोरवाटेचा कांहीं भाग तर सार्वजनिक पाठांत नसून केवळ प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यांत होता.

हें उघडकीस आलें तें एका अगदीं साध्या प्रश्नानें. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियनच्या ‘अनस्टेबल’ संचावर दुसरेंच कांहीं मोजीत होते. दूरच्या संगणकांत प्रवेश करतांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, असें त्यांस दिसलें. हें असें कां होतें? ते माग काढीत गेले, आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यांनीं सारा प्रकार जाहीर केला. ती आवृत्ति सर्वसामान्यांच्या स्थिर संचांत शिरण्यापूर्वींच काढून टाकतां आली.

अर्ध्या सेकंदाचा उशीर आपल्यापैकीं बहुतेक जण सोडून देतील. फ्रॉइंड यांनीं तो सोडला नाहीं, आणि शोधूं लागल्यावर त्यांच्या वाटेंत एम.आय.टी. मधील त्या प्रिंटरसारखें कुलूप आलें नाहीं. स्टॉलमन यांच्या प्रश्नापासून फ्रॉइंड यांच्या प्रश्नापर्यंत जें कमावलें गेलें तें हेंच. जें कमावावयाचें राहिलें आहे तेंहि स्पष्ट आहे: फिनलंडमधील त्या गृहस्थासारख्या मनुष्याकडे आपण काय मागतों याचा हिशेब ठेवीत असतांनाच, त्याला आपण काय देतों याचाहि हिशेब ठेवणें. दोष नेमका कळविणें, सुधारणा तपासून पाहणें, आपल्या भाषेंतील शब्द व अक्षरें पुरविणें, जमल्यास चार पैसे पाठविणें, हें सामान्य वापरकर्त्याच्याहि आवाक्यांतलें आहे. भागीदार म्हणवून घ्यावयाचें असेल, तर भागीचा हा वाटा उचलावा लागेल.