पान्यावरचा आकडा

यंत्राचा इतिहास लिहिताना आपण शोधकाचे नाव लिहितो, मालकाचे लिहितो, संप झाला असेल तर पुढाऱ्याचेही लिहितो. ते यंत्र रोज उघडणाऱ्या आणि पुन्हा जोडणाऱ्या माणसाच्या हातात काय होते, याची नोंद मात्र क्वचित सापडते. मुंबईच्या गिरण्यांवर मराठीत कथा, कादंबऱ्या, नाटके, आठवणी असे विपुल लेखन आहे; साचे दुरुस्त करणाऱ्या लाइन जॉबरच्या पान्यावर चार ओळीही सहज मिळत नाहीत. गेली काही वर्षे मी जुने पाने गोळा करतो, मोजतो आणि त्यांच्यावर ठोकलेली अक्षरे वाचतो. त्यातून हाती आलेले येथे मांडत आहे.

माझा मुद्दा थोडक्यात असा आहे. कामाला योग्य पाना निवडणे ही वरवर पाहता कारागिराच्या सरावाची गोष्ट वाटते. पण कोणत्या नटाला कोणता पाना बसावा, हे मँचेस्टर, फिलाडेल्फिया आणि झुरिक अशा दूरच्या ठिकाणी ठरले. ते ठरवणाऱ्यांचे एकमेकांशी जमले नाही आणि त्या न जमण्याची किंमत पुढे दीडशे वर्षे फिटरच्या बोटांनी मोजली.

एक आकडा, तीन अर्थ

पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेले तीन पाने उदाहरणादाखल घेऊ. पहिल्यावर ‘१/२ डब्ल्यू’ असे कोरले आहे, दुसऱ्यावर ‘१/२ एएफ’ आणि तिसऱ्यावर नुसते ‘१३’. पहिल्या दोघांवर अर्धा इंच लिहिला आहे, म्हणजे ते सारखेच असावेत असे कोणालाही वाटेल. व्हर्नियर लावला की चित्र बदलते. ‘१/२ डब्ल्यू’चे तोंड ०.९२० इंचाच्या नटासाठी आहे, म्हणजे सुमारे २३.४ मिलिमीटर. ‘१/२ एएफ’चे तोंड १२.७ मिलिमीटरच्या नटासाठी आहे. दोन्हींवर अर्धाच लिहिलेला, पण एक तोंड दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट!

यात खोट कोणाचीच नाही. ‘डब्ल्यू’ म्हणजे व्हिटवर्थ. त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतोच; तो बोल्टच्या दांड्याचा व्यास असतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टला लागणारा पाना, एवढाच त्याचा अर्थ. ‘एएफ’ पद्धतीत आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर सांगतो. तिसऱ्या पान्यावरचे १३ हेही तेच अंतर आहे, फक्त मिलिमीटरमध्ये. म्हणजे पहिला पाना बोल्टचे नाव सांगतो आणि उरलेले दोन स्वतःचे. जुन्या कारखान्यात नवा मुलगा कामाला लागला की त्याला पहिल्या दिवशी हा फरक कोणी समजावून सांगत नसे. तो नट गोल करून आणि वर शिव्या खाऊन ते शिकत असे.

मँचेस्टर आणि फिलाडेल्फिया

या गोंधळाचे मूळ एका चांगल्या कामात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपल्या मापाचे आटे पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. लंडनला हेन्री मॉड्स्लीच्या कारखान्यात काम केलेल्या आणि १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे एकसारख्या आट्यांची योजना मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, शिखर आणि तळ गोलाई दिलेले, आणि प्रत्येक व्यासाला इंचात किती आटे हे ठरलेले. जगातली ही पहिली मोठी प्रमाणित आटेपद्धत. व्हिटवर्थ यांना आधी आटे एकसारखे करायचे होते. पाना त्या बोल्टचा सोबती म्हणून आला. म्हणूनच त्याला बोल्टचे नाव चिकटले असावे, असे मला वाटते.

१८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स यांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला, आणि तो कारागिराच्या बाजूने होता. ५५ अंशांचा कोन आणि ती गोलाई नेमकी साधायला खास हत्यारे लागतात. ६० अंशांचा कोन आणि सपाट शिखर साधा कारागीरही पाडू शकतो आणि तपासू शकतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी नटाच्या मापासाठीही सूत्र दिले : बोल्टच्या व्यासाची दीडपट, अधिक १/८ इंच. या हिशेबाने अर्ध्या इंचाच्या बोल्टचा नट ७/८ इंचाचा, म्हणजे ०.८७५ इंचाचा होतो. व्हिटवर्थचा ०.९२०. फरक जेमतेम एक मिलिमीटरचा, पण तेवढ्याने इंग्रजी नटावर अमेरिकन पाना चढत नाही आणि अमेरिकन नटावर इंग्रजी पाना डगमगतो. त्यात भर म्हणजे अर्ध्या इंचाच्या बोल्टला व्हिटवर्थचे आटे इंचाला १२ आणि सेलर्सचे १३.

फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड यांचा ओढा अर्थातच मिलिमीटरकडे होता. १८९८ च्या झुरिक परिषदेत त्यांनी मेट्रिक आट्यांची पद्धत ठरवली आणि कोन घेतला सेलर्सचा, ६० अंशांचा. विसावे शतक उजाडले तेव्हा जगात तीन मोठी कुटुंबे होती आणि तिघांचे पाने वेगळे होते.

युद्धाने उघडे पाडलेले

हा फरक किती महाग आहे, हे दुसऱ्या महायुद्धात कळले. रोल्स-रॉइसचे मर्लिन हे विमानाचे इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतले. इंग्लंडहून आलेले भाग आणि अमेरिकेत झालेले भाग अदलाबदलीचे राहावेत म्हणून पॅकार्डने ब्रिटिश आटेच कायम ठेवले. त्यासाठी लागणारी हत्यारे अमेरिकेत मिळत नव्हती, ती स्वतः तयार करावी लागली.

त्याच काळात ब्रिटनने पोलाद वाचवण्यासाठी व्हिटवर्थ नटांचे षटकोन एक पायरी लहान केले. आता अर्ध्या इंचाच्या बोल्टला पूर्वीचा ७/१६ चा पाना लागू लागला. माझ्याकडच्या एका पान्याच्या एकाच तोंडाजवळ ‘७/१६ डब्ल्यू’ आणि ‘१/२ बीएस’ असे दोन आकडे आहेत. दोन्ही खरे आहेत. पहिला युद्धापूर्वीच्या नटाचा, दुसरा नंतरच्या नटाचा. तोंड एकच, ०.८२० इंचाचे. पोलादाच्या टंचाईचा असा पुरावा हातात धरता येतो, ही गोष्ट मला कोणत्याही सरकारी कागदापेक्षा मोलाची वाटते.

नोव्हेंबर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये एकत्रित आटेपद्धतीच्या करारावर सह्या केल्या. कोन ठरला ६० अंशांचा. व्हिटवर्थच्या ५५ अंशांची उतरती कळा तेथे सुरू झाली.

आपल्याकडचा संसार

आपल्याकडे या तिन्ही कुटुंबांनी एकाच छपराखाली संसार थाटला. गिरण्यांचे साचे आणि चात्यांची यंत्रे लँकेशायरहून आली; ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे नाव गिरणगावात घरोघरी माहीत होते. रेल्वेची इंजिनेही प्रामुख्याने ब्रिटिश. त्यामुळे परळच्या रेल्वे वर्कशॉपपासून गिरणीच्या साचेखात्यापर्यंत व्हिटवर्थचे राज्य होते. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि अमेरिकन मापे रस्त्यावर आली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि आकुर्डीची बजाज स्कूटर ही दोन्ही मुळात इटालियन, म्हणजे मेट्रिक. मद्रासहून येणारी बुलेट इंग्रजी वळणाची. गल्लीतल्या एका गॅरेजमध्ये एकाच दिवशी जीप, फियाट आणि बुलेट आली, तर मिस्त्रीला तीन देशांचे पाने लागत.

सरकारी पातळीवर १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. दुकानातले शेर आणि मण तुलनेने लवकर गेले, कारण वजने बदलली की काम भागत होते. यंत्राचे तसे नसते. १९३० साली बसवलेला साचा १९७० मध्येही चालू असे आणि त्याचे बोल्ट कायद्याने बदलत नसत.

कामगारांनी यावर स्वतःचा तोडगा काढला होता. इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत. अर्ध्या इंचाचा बोल्ट म्हणजे चार सुती, ३/८ चा म्हणजे तीन सुती. अपूर्णांक लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही ही भाषा पुरेशी नेमकी होती, आणि सळईच्या बाबतीत ती आजही बांधकामावर ऐकू येते. मेट्रिक आल्यावर हाच माणूस ‘बारा-तेरा दे’, ‘चौदा-पंधरा दे’ म्हणू लागला. दोन टोकांना दोन मापे असलेल्या पान्याचे हे बाजारातले नाव.

मेट्रिकने तरी गोंधळ संपला का? दहा मिलिमीटरच्या बोल्टचा नट जुन्या जर्मन मानकाप्रमाणे १७ चा, आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १६ चा आणि जपानी गाड्यांत बहुधा १४ चा असतो. जपानी तंत्राच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर वाढल्या, तेव्हा मिस्त्रीच्या पेटीत १३ आणि १७ इतकेच १२ आणि १४ झिजू लागले.

निवड म्हणजे काय

आता निवडीकडे येऊ. अर्ध्या इंचाच्या एएफ नटावर १३ चा पाना चढतो. फरक ०.३ मिलिमीटरचा. नट सैल असेल तर काम होऊनही जाते. पण गंजलेल्या नटावर जोर दिला की पाना सपाट बाजू सोडून कोपऱ्यांवर टेकतो, कोपरे मरतात, नट गोल होतो आणि निसटलेल्या हाताची सालपटे शेजारच्या लोखंडावर निघतात. उलट ३/४ एएफ म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथे १९ चा पाना बहुतेक वेळा चालून जातो. कोठे चालते आणि कोठे चालत नाही, हे जाणणे म्हणजेच जुन्या फिटरचे ज्ञान. ते कोणत्याही तक्त्यात नव्हते. हाताला नट आणि पान्यातला खेळ जाणवत असे.

पान्याच्या आकारातही विचार साठलेला आहे. उघड्या तोंडाचा फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, रिंग पाना सगळ्या कोपऱ्यांभोवती बसतो; म्हणून घट्ट नट आधी रिंगने सोडवावा आणि मग फिक्स पान्याने भराभर फिरवावा. फिक्स पान्याचे तोंड दांड्याशी १५ अंशांनी वळवलेले असते. अडचणीच्या जागी एकदा फिरवून पाना उलटा केला, की ६० अंशांऐवजी ३० अंशांची जागाही पुरते. मोठ्या मापाच्या पान्याचा दांडा लांब असतो, तो माणसाच्या साध्या जोरात त्या बोल्टला साजेसा पीळ बसावा म्हणून. दांड्यात नळी घालून लांबी वाढवली की हा हिशेब मोडतो आणि बोल्ट तुटतो.

उरला स्क्रू पाना. स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी त्याला आजचे रूप दिले. पुढे नाशिकला हातहत्यारांचा मोठा कारखाना उभा राहिला, तोही स्वीडिश तांत्रिक सहकार्याने, हा एक छान योग. एक पाना सर्व मापांना, ही कल्पना मोहक आहे आणि तीन पद्धतींच्या देशात तर फारच. पण त्याचा सरकता जबडा थोडा हलतोच. म्हणून जुने कारागीर तो शेवटी काढत, आणि काढलाच तर जोर स्थिर जबड्यावर येईल असा धरत.

व्हिटवर्थ मात्र संपलेले नाहीत. आपल्या स्वयंपाकघरातल्या अर्ध्या इंची नळाचे आटे अजूनही त्यांच्याच ५५ अंशांचे आहेत. त्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर असतो. ‘अर्धा इंच’ हे जुन्या लोखंडी नळाच्या आतल्या पोकळीवरून पडलेले नाव. प्लंबर त्याला अर्धा म्हणतो, दुकानदार अर्धा देतो आणि नळ बसतो. मेट्रिक जगानेही ते माप जसेच्या तसे स्वीकारले, कारण जगभरच्या भिंतींतले नळ कोण बदलणार?

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली, साचे भंगारात निघाले आणि त्यांच्याबरोबर व्हिटवर्थचे पानेही किलोच्या भावाने गेले. आज एखादे जुने यंत्र संग्रहालयात उभे केले जाते, त्याला रंग दिला जातो, पाटी लावली जाते. पण त्याला बसणारा पाना शेजारी नसेल तर ते यंत्र उघडता येत नाही, आणि उघडता न येणाऱ्या यंत्राचा अभ्यास बाहेरूनच करावा लागतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच की यंत्र जपताना त्याची पेटीही जपावी, आणि कोणता पाना कोठे लागत असे हे सांगणारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घ्यावे. खंडेनवमीला अनेक घरांत वडिलांची, आजोबांची हत्यारे पुसून पुजली जातात. त्यांतल्या पान्यांवर एखादा अपूर्णांक आणि शेजारी ‘डब्ल्यू’ दिसला, तर तो पाना कोणत्या खात्यातला, कोणत्या यंत्राचा, हे घरात विचारून कागदावर टिपून ठेवावे. ती नोंद दुसरीकडे कोठेही सापडणार नाही.