धाब्यावरची तार

खानदेशात घरी बसून दूरचा स्वर ऐकण्याची हौस ज्यांनी केली, त्यांना यंत्राच्या किमतीचा विचार करण्यापूर्वी या मुलखाच्या जमिनीचा, छपराचा आणि उन्हाचा विचार करावा लागला; आणि जुने यंत्र टाकून नवे घेतल्याने जेवढा नाद सुधारला, त्याहून अधिक तो यंत्राभोवतीची व्यवस्था नीट लावल्याने सुधारला, असे येथील श्रवणाचा गेल्या शतकाचा इतिहास पाहता म्हणावेसे वाटते.

हेडफोन हे वास्तविक रेडिओच्या कर्ण्याहून वडील. अमेरिकेतील युटा संस्थानच्या नॅथॅनिएल बाल्डविनने १९१० च्या सुमारास घरच्या घरी बनविलेली जोडी तेथील आरमाराने बिनतारी संदेशांसाठी पसंत केली, आणि पुढे नभोवाणी सुरू झाली तेव्हा आरंभीचा श्रोतृवर्ग ही दोन शकले कानांना लावूनच बसला. गॅलेनाच्या खड्यावर बारीक तारेचे टोक टेकवून चालणाऱ्या त्या संचाला विजेचा घट लागत नसे. आकाशातून आलेल्या लहरीच्या अंगी जेवढी शक्ती असेल तेवढ्यावरच कानातील पातळ पडदा हलावयाचा, आणि म्हणून त्या हेडफोनांची वेटोळी हजारो फेऱ्यांची आणि दोन-दोन हजार ओहम रोधाची असत. परंतु २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विनच्या हस्ते मुंबईचे केंद्र उघडले, ते अवघ्या दीड किलोवॅटचे. त्याचा भरवशाचा पल्ला सुमारे ४८ किलोमीटर, आणि जळगाव तर मुंबईहून लोहमार्गाने चारशे किलोमीटरांच्याही पलीकडे. मुंबई-ठाण्याच्या हौशी तरुणांना जे सुख स्वस्तात लाभले, ते सातमाळ्याचे डोंगर ओलांडून तापीच्या खोऱ्यात येण्याचे कारणच नव्हते. ते केंद्र चालविणारी खाजगी प्रक्षेपण कंपनीही तीन वर्षांच्या आत दिवाळखोरीत निघाली व १९३० मध्ये सरकारने तिचा कारभार आपल्या अंमलाखाली घेतला. एकट्याच्या कानापासून सुरुवात करण्याचा जो टप्पा इतरत्र घडला, तो खानदेशाच्या वाट्याला असा आलाच नाही.

१९३८ च्या फेब्रुवारीत मुंबईस दहा किलोवॅटचे लघुलहरी प्रक्षेपक यंत्र बसले. लघुलहर आकाशातील विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन दूर उतरते, त्यामुळे पूर्व व पश्चिम खानदेश या दोन्ही जिल्ह्यांतील धनिक, वकील आणि पेढीवाले यांच्या माजघरांत व्हॉल्व्हचे जड, लाकडी पेटीचे रेडिओ येऊन बसण्यास अर्थ प्राप्त झाला. आणि येथेच धाब्याचा संबंध येतो. कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या धुळ्याच्या, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्यांतून भिंतीला भिंत लावून उभी असलेली मातीच्या सपाट धाब्यांची घरे एरियलला जणू मुद्दाम बांधून दिल्यासारखी होती. धाब्याच्या दोन टोकांना दोन बांबू, त्यांना चिनी मातीची अंडी, म्हणजे विजेची गळती थांबविणारे मणी, आणि त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार. तिची एक शाखा खिडकीतून पेटीत उतरे, आणि पेटीतून निघालेली दुसरी तार अंगणातील खड्ड्यात पुरलेल्या पत्र्याला अथवा नळीला जाऊन मिळे. या दुसऱ्या तारेचे महत्त्व ज्याला कळले नाही, त्याने भारी किमतीची पेटी आणूनही खरखर पदरात घेतली. कारण खानदेशची काळी जमीन वैशाखात हातभर भेगाळते, तिचा ओलावा जातो, आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. म्हणून जाणता गृहस्थ खड्ड्यात कोळसा आणि मीठ घाली, आणि सायंकाळी तुळशीला पाणी घालतानाच एक तांब्या त्या खड्ड्यातही ओती. एवढ्या एका तांब्याने बातम्या स्पष्ट होत. वळिवाच्या दिवसांत मात्र कडकडाटापुढे कुणाचाच इलाज चालत नसे.

या साऱ्या खटाटोपावर सरकारचा परवाना होताच. १९३३ च्या कायद्यान्वये बिनपरवाना संच बाळगणे हा गुन्हा ठरला. दरसाल टपाल कचेरीत जाऊन फी भरावयाची, कारकुनाकडून परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यावयाचा आणि ती दस्तऐवजांच्या पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवावयाची. ऐकण्यावरही वार्षिक पट्टी द्यावी लागते याचे आश्चर्य, अक्षय्य तृतीयेच्या आखाजीला झोक्यावर बसून फुकट आणि मनसोक्त गाणाऱ्या माहेरवाशिणींना वाटले असल्यास नवल नाही.

अशा रेडिओला ऐकणारा एकटा कधीच नसे. पेटी एकाच्या मालकीची, पण आवाज गल्लीच्या मालकीचा. उन्हाळ्यात सगळी वस्ती धाब्यावर निजायला गेली, की रेडिओ सिलोनवरील गीतमाला एका घरातून निघून पाच घरांच्या अंथरुणांवर पसरे. संगीत चांगले कळणाऱ्या माणसाला या सार्वजनिक सुखाचा थोडा जाचही होत असावा, कारण तानेची बारीक जागा यायला आणि शेजारच्या धाब्यावर पाण्याचा हंडा पडायला एकच वेळ साधत असे.

ट्रान्झिस्टरने ही स्थिती पालटली. पोटातील फेराइटच्या कांडीने मध्यम लहरींपुरती धाब्यावरची तार निरुपयोगी केली, चामडी पिशवीत एका कानाचे इअरफोनचे बोंड सोबत मिळू लागले, आणि खानदेशात एकट्याने ऐकण्याची खरी सुरुवात येथून झाली. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांना रात्री पाणी भरणारा गडी ते बोंड एका कानात घाली आणि दुसरा कान पाटाच्या पाण्याकडे ठेवी. १९७६ मध्ये जळगावास आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र आल्यावर तर लघुलहरींची कसरत राहिली नाही. ९६३ किलोहर्ट्झवर घरचा आवाज भरदुपारी स्वच्छ येऊ लागला. परवान्याची पद्धतही ऐंशीच्या दशकात मोडीत निघाली. वॉकमन आणि कॅसेट यांविषयी इतर गावांहून वेगळे सांगण्याजोगे येथे थोडेच आहे.

आता जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर हेडफोन पाहावयास गेलेला रसिक मनात मात्र दूरदेशीचा सल्ला घेऊन गेलेला असतो, की उत्तम नाद हवा तर पाठ उघडी असलेला हेडफोन घ्यावा. हा प्रकार सेनहायझर या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये एचडी ४१४ या नमुन्याने रूढ केला. त्यात पडद्यामागची हवा कोंडत नाही, म्हणून स्वर डोक्याबाहेर, मोकळ्या जागेत उभा राहिल्यासारखा वाटतो. गुण खरा आहे. पण पारा ४५ अंशांपलीकडे गेलेल्या मे महिन्यात, खिडकीत बसविलेल्या पत्र्याच्या कूलरचा पंखा घोंघावत आणि पंप खळखळत असताना, त्या उघड्या पाठीतून कूलरच अधिक ऐकू येतो. माझ्या मते येथे पहिला खर्च बंद पाठीच्या हेडफोनावर, किंवा गोंगाट खोडणाऱ्या विद्युत् युक्तीवर करावा. ही युक्ती बाहेरच्या आवाजाची उलटी लहर कानात सोडून पंख्याची सलग घरघर बरीच मारते, मात्र वाळ्याच्या जाळीवरून ओघळणाऱ्या पाण्याची सळसळ तिला तितकीशी आटोपत नाही. हेडफोनच्या गाद्या रेक्झिनच्या असल्या तर घामाने व उष्म्याने त्यांचे पापुद्रे निघतात. कापडी गाद्या टिकतात, पण त्यांतून थोडा गोंगाट आत शिरतो.

मोबाइलमधील आकड्यांचा स्वर करणारे स्वतंत्र यंत्र, ज्याला बाजारात डॅक म्हणतात, आणि त्याला जोडून वर्धक, यांची पाळी त्यानंतर येते. तीही हेडफोन तीनशे ओहमचा असेल तर, कारण त्याला मोबाइल देतो त्याहून अधिक व्होल्टेज लागते. बत्तीस ओहमच्या बहुतेक जोड्या मोबाइलवर सुखाने वाजतात, आणि त्यांच्यासाठी वर्धकावर ओतलेला पैसा बहुधा समाधानापुरताच. वर्धक घेऊनही, लॅपटॉपवर ऐकताना कानात बारीक गुणगुण राहिली, तर त्याचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावे. तेवढ्याने गुणगुण थांबली, तर दोष बहुधा यंत्राचा नसतो, भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगचा असतो. अशा वेळी दुकानदाराकडे न जाता वायरमनला बोलवावे.