हेडफोन : रात्रीच्या गेमसाठी आणि चित्रपटांसाठी

हेडफोन म्हणजे कानांवर किंवा कानांत बसवून एकट्यापुरता आवाज ऐकण्याचे साधन. या नोंदीत त्याच्या एकाच उपयोगाचा विचार केला आहे : घरातली माणसे झोपल्यावर मोबाइल, संगणक किंवा कन्सोलवर गेम खेळणे व चित्रपट पाहणे, आणि त्यासाठी साधारण ५०० ते ३,००० रुपयांत काय घ्यावे. हा वापर दिवसाच्या वापराहून वेगळा आहे. लोकलमध्ये गाणी ऐकताना बाहेरचा गोंगाट दाबावा लागतो. रात्री घर शांत असते, आवाज कमी ठेवायचा असतो आणि हेडफोन सलग तीन-चार तास डोक्यावर राहणार असतो. म्हणून कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येणे, शेजारच्या माणसाची झोप न मोडणे, कान न दुखणे आणि चित्राबरोबरच आवाज येणे एवढ्या गोष्टी पाहून निवड करावी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे छापलेले असते, त्यातल्या बहुतेकाचा यांच्याशी संबंध नसतो.

हेडफोनचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील यूटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविनने १९१० च्या सुमारास घरीच तयार केलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने विकत घेतले. संगीत ऐकण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन जॉन कॉसने १९५८ मध्ये आणला. पाठीमागून उघडा असलेला ‘सेन्हायझर एचडी ४१४’ १९६८ मध्ये बाजारात आला आणि सोनीच्या ‘वॉकमन’ने १९७९ मध्ये हलका हेडफोन जगभरच्या तरुणांच्या डोक्यावर चढवला.

किमतीबद्दलचा एक समज आधी दूर करायला हवा. जेरोएन ब्रीबार्ट यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खर्जापासून तार स्वरांपर्यंतचा समतोल आणि विक्रीची किंमत यांच्यात त्यांना काहीच संबंध आढळला नाही. महाग हेडफोनात बांधणी, गादी, वॉरंटी, बिनतारी सोय हे सगळे चांगले मिळते. आवाज चांगला मिळेलच असे नाही. कमी पैशांत चांगले ऐकू इच्छिणाऱ्याला याहून मोठा दिलासा नाही.

रचनेनुसार तीन मुख्य प्रकार होतात. ‘ओपन-बॅक’ हेडफोनची पाठ जाळीची असते. त्यामुळे आवाज मोकळा, पसरट वाटतो, कान तापत नाहीत आणि दाराची बेल किंवा बाळाचे रडणेही ऐकू येते. १९८४ पासून विकला जाणारा ‘कॉस पोर्टा प्रो’ याच जातीचा. मात्र जेवढा आवाज आत तेवढाच बाहेर, असा हा प्रकार असल्याने एकाच खोलीत दुसरे कोणी झोपले असेल तर तो कामाचा नाही. स्वतंत्र खोली असलेल्याने तो जरूर घ्यावा. ‘क्लोज्ड-बॅक’ची पाठ बंद असते. कानाभोवती गादी नीट टेकली तर आवाज फारसा बाहेर जात नाही. चश्म्याची काडी गादीखाली आली की तिथे फट पडते, त्या फटीतून खर्ज निसटतो आणि आवाजही बाहेर जातो, म्हणून चश्मा लावणाऱ्यांनी मऊ, जाड गादी पाहावी. तिसरा प्रकार कानाच्या नळीत रबरी बोंडाने बसणारा ‘इन-इअर’. खेळणाऱ्यांच्या बोलण्यात तो ‘आयईएम’ किंवा नुसता ‘इअरफोन’ असतो. तो बाहेरचा आवाज सर्वांत जास्त अडवतो आणि बाहेर जवळजवळ काहीच सोडत नाही. वन-रूम-किचनमध्ये, वसतिगृहात किंवा एकाच पलंगावर दुसरे माणूस झोपलेले असताना याला तोड नाही. ‘केझेड’, ‘मूनड्रॉप’ यांसारख्या चिनी कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत या प्रकारात कमी किमतीत जे दिले आहे, ते मोठ्या आकाराच्या स्वस्त हेडफोनांत सहसा सापडत नाही. ज्याला एकच वस्तू घेता येते, त्याने वायरचा इन-इअर घ्यावा, अशी या नोंदीची शिफारस आहे. कानाच्या नळीत काही घातले की ज्यांना अस्वस्थ वाटते किंवा ज्यांचे कान वारंवार दुखतात, त्यांनी क्लोज्ड-बॅककडे वळावे.

आवाज कमी केला की सगळे सारख्याच प्रमाणात कमी होत नाही. बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाजाची पातळी खाली आली की माणसाच्या कानाला खर्ज मधल्या स्वरांपेक्षा खूप जास्त कमी ऐकू येतो. दुकानात मोठ्या आवाजात दणदणीत वाटलेला हेडफोन रात्री हळू लावल्यावर पोकळ वाटतो, तो याच कारणाने. तेव्हा रात्रीसाठी खर्ज किंचित उचललेला हेडफोन चालतो, किंवा मोबाइलच्या इक्वलायझरमध्ये खालची पट्टी थोडी वर करावी. मात्र ‘एक्स्ट्रा बास’ नावाने विकला जाणारा गुबगुबीत खर्ज गेममध्ये नडतो. मोठा खालचा स्वर आपल्याहून वरच्या स्वरांना झाकून टाकतो. बॉम्बच्या घुमण्याखाली पावलांची चाहूल दबते आणि चित्रपटात संवाद.

चित्रपटांची अडचण आणखी वेगळी आहे. सिनेमागृहासाठी केलेल्या मिश्रणात कुजबुज आणि स्फोट यांत प्रचंड अंतर ठेवलेले असते. घरी माणूस संवादासाठी आवाज वाढवतो, पुढच्याच दृश्यात गाडी उडते आणि कान बधिर होतात. शिवाय पाच-सहा स्पीकरांसाठीच्या मिश्रणात संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. ते सगळे दोन कानांत ओतताना पार्श्वसंगीत व आवाज-प्रभाव त्यांच्यावर येऊन पडतात. यावर इलाज हेडफोन बदलणे हा नाही. चित्रपटाला स्टिरिओ ध्वनिपट्टीचा पर्याय असेल तर तो निवडावा. व्हीएलसी प्लेअरमध्ये मोठ्या-लहान आवाजांतले अंतर कमी करणारा कम्प्रेसर असतो. अनेक टीव्हींत तेच काम ‘नाइट मोड’ करतो आणि विंडोजच्या पुष्कळ संगणकांत ‘लाउडनेस इक्वलायझेशन’. हा एक पर्याय चालू केला की रिमोटवरचा अंगठा दोन तास शांत राहतो. गेम खेळताना मात्र तो बंद ठेवावा, कारण दूरची व जवळची पावले त्याने सारखीच वाटू लागतात.

गेमच्या हेडफोनांवर ‘७.१’ (म्हणजे चहूबाजूंच्या अनेक स्पीकरांचा आवाज) असे छापलेले असते. स्वस्त हेडफोनात प्रत्येक कानाला बहुधा एकच ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग) असतो आणि उरलेले स्पीकर सॉफ्टवेअर कल्पनेने उभे करते. त्यात गैर काही नाही, कारण माणसालाही कान दोनच आहेत. डावीकडचा आवाज उजव्या कानाला जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांश इतक्या उशिराने पोचतो, शिवाय डोक्याच्या आडोशामुळे थोडा क्षीण होतो. मेंदू एवढ्यावर दिशा ओळखतो. समोर की मागे, वर की खाली, हे कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे वरच्या स्वरांत होणाऱ्या बदलांवरून कळते. हे सगळे गणिताने घडवता येते. विंडोजमधील ‘विंडोज सॉनिक’, प्लेस्टेशन ५ मधील ‘टेम्पेस्ट’ आणि ‘व्हॅलोरंट’सारख्या गेममधील स्वतःची सोय हेच करते, तेही कुठल्याही साध्या स्टिरिओ हेडफोनवर. त्यामुळे ‘७.१’ या अंकांसाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. दोन सोयी एकदम चालू ठेवू नयेत. गेमने एकदा दिशा दिलेल्या आवाजावर विंडोजने पुन्हा प्रक्रिया केली की पावले नक्की कुठून आली ते कळेनासे होते.

वायर की ब्लूटूथ, या प्रश्नावर गेमपुरते उत्तर स्पष्ट आहे : वायर. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आकुंचित होतो, हवेतून जातो, मग पुन्हा उलगडतो, आणि यात साध्या संचांना १५० ते २५० मिलिसेकंद लागू शकतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये २०० मिलिसेकंद म्हणजे १२ चित्रे. हवेत एवढ्या वेळात ध्वनी ६८ मीटरच्या वर जातो, म्हणजे आपल्याच हातातल्या बंदुकीचा बार मैदानाच्या पलीकडून आल्यासारखा ऐकू येतो. चित्रपटात हा दोष बराचसा झाकला जातो, कारण व्हिडिओची अॅप विलंब ओळखून चित्रही तेवढेच थांबवतात. गेमला तसे थांबता येत नाही, खेळणाऱ्याचे बोट आधीच पडलेले असते. स्वस्त बिनतारी इअरबडमधील ‘गेम मोड’ विलंब कमी करतो, पण वायरची बरोबरी करत नाही. बिनतारीच हवे असेल तर यूएसबी डोंगलवर चालणारा २.४ गिगाहर्ट्झचा हेडसेट पाहावा; त्यात विलंब बहुधा जाणवत नाही, मात्र किंमत वाढते.

ब्लूटूथची दुसरी अडचण माइकची. मित्रांशी बोलायला माइक चालू केला की जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ फोनकॉलच्या मार्गावर जाते. स्टिरिओ जातो आणि गेमचा सगळा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा होतो. घेणाऱ्याला वाटते वस्तू खराब निघाली, पण तो त्या व्यवस्थेचाच गुण आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स ब्लूटूथ हेडफोन थेट जोडूनच घेत नाहीत. दोन्हींच्या कंट्रोलरला ३.५ मिमीचे भोक असते आणि तिथे साधा वायरचा संच चालतो. मोबाइलला ते भोक नसेल तर टाइप-सीचा अॅडॅप्टर लागतो. संगणकावर माइक व हेडफोनची दोन वेगळी भोके असतील तर चार पट्ट्यांच्या जॅकला वाय आकाराची जोड घ्यावी, नाहीतर माइक चालणार नाही.

आकड्यांपैकी दोनच पाहण्यासारखे आहेत. रोध ओहममध्ये दिलेला असतो. मोबाइल व कंट्रोलरसाठी १६ ते ३२ ओहम पुरतात, तर २५० ओहमचे स्टुडिओतले हेडफोन अॅम्प्लिफायरशिवाय दबलेले वाटतात. संवेदनशीलता डेसिबलमध्ये असते. ती फार जास्त असेल तर लॅपटॉपच्या जॅकमधली बारीक सरसर रात्रीच्या शांततेत ऐकू येते, म्हणून इन-इअर घेणाऱ्याने काहीही न वाजवता लॅपटॉपला लावून पाहावा. ‘५० मिमी ड्रायव्हर’ किंवा ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ यांवरून चांगले-वाईट ठरत नाही. रंगीत दिव्यांचे पैसे माणूस डोळ्यांसाठी देतो, आणि ते दिवे डोक्यावर घातल्यावर त्याला दिसतही नाहीत. बाहेरचा गोंगाट खोडणारी ‘एएनसी’ पंख्याच्या घरघरीसारख्या खालच्या, अखंड आवाजावर चालते, बोलण्यावर फारशी नाही. हमरस्त्यालगत किंवा रेल्वेमार्गाजवळ राहणाऱ्याला तिचा उपयोग आहे, बाकीच्यांनी तो पैसा गादीत घालावा.

गादी ही स्वस्त हेडफोनची सर्वांत दुबळी जागा. नकली कातड्याचा थर दमट हवेत सुटतो. मुंबई-कोकणात किंवा गोव्यात एकदोन पावसाळ्यांनी त्याचे काळे कण कानाला चिकटू लागतात. कापडी किंवा मखमली गादी जास्त टिकते आणि घामही कमी येतो, जरी आवाज थोडा जास्त बाहेर जातो. म्हणून ज्याची गादी काढून बदलता येते असाच हेडफोन घ्यावा. वायरही सुटी होणारी असेल तर उत्तम. वायर तुटते ती बहुधा जॅकच्या गळ्याशी, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नवा जॅक थोडक्या पैशांत मिळतो.

श्रवणाची काळजी रात्री सोपी असते, कारण भोवती आवाज नसल्याने कमी पातळी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास असा आहे. दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलला ५ तासच उरतात. लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल. कान गुणगुणू लागले तर त्या रात्री खेळ थांबवावा, आणि गुणगुण सकाळीही राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे. इन-इअर घालून झोपू नये.

विकत घेताना आपला फोन आणि आपल्या ओळखीचे दृश्य बरोबर न्यावे. आवाज अगदी खाली, दोन-तीन टप्प्यांवर ठेवून संवाद कळतात का ते पाहावे. याच पातळीवर डावा-उजवा कान सारखा वाजतो का तेही तपासावे. वायरवर गोल चाकाचा व्हॉल्यूम असलेल्या स्वस्त हेडसेटमध्ये चाक खाली नेले की एक बाजू आधी मावळते. असा संच घरात असेलच तर चाक पूर्ण वर ठेवून आवाज फोनवरून कमी करावा. नंतर हेडफोन काढून दोन्ही गाद्या एकमेकींवर घट्ट दाबून धराव्या आणि हातभर अंतरावरून ऐकावे. इथे संवादातले शब्द कळत असतील तर शेजारी झोपलेल्यालाही ते कळतील. शेवटी तो पुन्हा डोक्यावर चढवून पंधरा मिनिटे दुकानात तसेच हिंडावे, कारण कानाच्या पाळीवर किंवा टाळूवर पडणारा दाब पहिल्या दोन मिनिटांत कळत नाही.