नळीला नळी जोडताना

टर्मिनल नव्याने शिकणारे मला हमखास विचारतात, "किती कमांड्स पाठ कराव्या लागतील?" उत्तर इतिहासात आहे, बरं का!

बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच एका टिपणात लिहिलं होतं, की बागेतल्या पाण्याच्या नळ्यांसारखे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. प्रत्यक्षात यायला १९७३ उजाडलं. केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये 'पाइप' बसवला, तोही म्हणे एका रात्रीत! आता एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीचं इनपुट होऊ लागलं.

याची गंमत १९८६ साली दिसली. मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द शोधायचं काम जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी डोनाल्ड कनूथ यांना दिलं. कनूथ यांनी आपली 'लिटरेट प्रोग्रामिंग'ची पद्धत दाखवत सुरेख, पण पानंच्या पानं भरणारा प्रोग्राम लिहिला. त्याचं परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा ओळींत उरकलं. शब्द सुटे करा, सगळे लहान लिपीत आणा, क्रमाने लावा, मोजा, संख्येनुसार पुन्हा लावा, वरचे तेवढे ठेवा. वेगवेगळ्या कमांड्स फक्त चार: टीआर, सॉर्ट, युनिक, सेड!

तेव्हा मंडळी, सुरुवातीला चारच घ्या, पण जोडायला शिका. बाकीच्यांसाठी मॅन पेजेस आहेतच.