हातचे लिहून ठेवा

शाळेत बेरीज शिकताना आपण हातचा वर लिहून ठेवतो. पुढे सराव झाला की तो मनातच धरतो, आणि बेरीज चुकली की चूक नेमकी कुठे झाली ते सापडत नाही. संगणकाची आज्ञावली बिनचूक आहे हे कसे ठरवायचे, या प्रश्नाचा इतिहास मला या हातच्यापासूनच सांगायचा आहे. कारण तो खरोखरच तिथून सुरू होतो.

जून १९४९. केंब्रिज विद्यापीठात संगणकांवर परिषद भरली होती. तिथले एडसॅक हे यंत्र महिनाभरापूर्वीच चालू झाले होते. परिषदेत ॲलन ट्युरिंग यांनी एक छोटा निबंध वाचला. त्यांनी पाच चार-अंकी संख्यांची बेरीज मांडली. उत्तर होते २६१०४. नुसते उत्तर दिले तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक रकान्याचे हातचे लिहून ठेवले, तर प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे तपासता येतो. ट्युरिंग यांचे म्हणणे असे, की आज्ञावली लिहिणाऱ्यानेही तसेच करावे. ठरावीक टप्प्यांवर ‘इथे अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे’ अशी विधाने लिहावीत. मग तपासणाऱ्याने एका विधानापासून पुढच्या विधानापर्यंतचा तुकडा तेवढा पडताळायचा. सगळे तुकडे बरोबर, आणि काम कधीतरी थांबते हेही सिद्ध झाले, की पूर्ण आज्ञावली बरोबर.

हा निबंध पुढे विस्मृतीत गेला. गंमत अशी, की तपासणीवरच्या या निबंधाच्या छापील प्रतीत मुद्रणदोष भरपूर होते! १९८४मध्ये दोन अभ्यासकांनी ते दुरुस्त करून तो पुन्हा प्रसिद्ध केला. दरम्यान १९६७मध्ये अमेरिकेत रॉबर्ट फ्लॉइड यांनी तीच वाट शोधून काढली होती. १९६९मध्ये टोनी होअर यांनी तिला नियमबद्ध तर्कशास्त्राचे रूप दिले. होअर यांचा जन्म कोलंबोचा आणि ऑक्सफर्डमधले शिक्षण ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य व तत्त्वज्ञानाचे. त्यांची मांडणी साधी होती : आधी अमुक अट खरी असेल आणि आज्ञा पार पडली, तर नंतर तमुक अट खरी असेल. त्याच वर्षी एड्सगर डायक्स्ट्रा यांनी बजावले, की चाचणीने चुका आहेत हे दाखवता येते. चुका नाहीत हे दाखवता येत नाही.

मी हा विषय शिकवतो तेव्हा विद्यार्थी विचारतात, ‘सर, एवढे लिहीत बसायला वेळ कुणाला आहे?’ त्यांना मी एरियान ५ची कथा सांगतो.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू येथून हे युरोपीय अग्निबाण उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. माणूस कुणी नव्हता, पण चार वैज्ञानिक उपग्रह गेले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतली आज्ञावली आधीच्या एरियान ४वरून जशीच्या तशी घेतली होती. ६४ बिटांतली एक संख्या १६ बिटांच्या जागेत भरायची होती. त्या जागेत ३२,७६७पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान ४चा आडवा वेग तिथवर जातच नसे, म्हणून तिथे संरक्षण ठेवले नव्हते. एरियान ५चा मार्ग वेगळा होता, आडवा वेग फार लवकर वाढणारा होता. संख्या मावली नाही, यंत्रणा बंद पडली. चौकशी मंडळाला आढळले, की संरक्षण का ठेवले नाही याचे कारण आज्ञावलीत कुठेही लिहिलेले नव्हते. नव्या मार्गाची आकडेवारी घालून त्या यंत्रणेची चाचणीही झाली नव्हती. म्हणजे हातचा कुणाच्या तरी मनात राहिला, आणि बेरीज पुढे दुसऱ्याच्याच हाती गेली.

याउलट, पॅरिस मेट्रोची १४ क्रमांकाची चालकाविना धावणारी मार्गिका १९९८मध्ये सुरू झाली. तिच्या सुरक्षेची आज्ञावली गणिती सिद्धतेसह रचलेली होती. आपल्याकडे पुण्यातल्या टीसीएसच्या संशोधकांचे ‘व्हेरिॲब्स’ हे पडताळणीचे साधन २०२०च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिले आले.

सिद्धतेलाही मर्यादा आहेतच. ती दिलेल्या अटींपुरती बोलते. अटच चुकीची लिहिली, तर सिद्धता त्या चुकीचीच ग्वाही देईल. म्हणून चाचणी सुटत नाही. खुद्द होअर यांनी १९९६मध्ये नवल केले होते, की सिद्धतेशिवाय सॉफ्टवेअर एवढे भरवशाचे झाले तरी कसे! त्यांना उत्तर दिसले ते काटेकोर कार्यपद्धतीत आणि कसून घेतलेल्या चाचण्यांत.

आज आपले पैसे, आपली गाडी, रुग्णालयातले यंत्र, सारे अशा आज्ञावल्यांवर चालते. ‘चाचणी घेतली का?’ हे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा : ‘तुम्ही काय गृहीत धरले आहे, आणि ते कुठे लिहून ठेवले आहे?’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)