गिरणीचे वय आणि शाळेचे वय

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवच्या गिरणीत सूत निघू लागले, तेव्हा कारखान्यात लहान मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करणारा कोणताही कायदा हिंदुस्थानात नव्हता. पुढील दोन दशकांत गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांच्याबरोबर कताई खात्यातील मुलांची संख्याही वाढली. यंत्राच्या चात्यांवरील बॉबिनी सुताने भरल्या की त्या झटपट उतरवून रिकाम्या चढवायच्या, या कामाला ‘डॉफिंग’ म्हणत आणि ते करणाऱ्या मुलाला ‘डॉफर’; याखेरीज तुटलेले धागे सांधणे आणि खाली साचलेला कापूस झाडून काढणे हीही कामे मुलांकडेच असत. या कामांना ताकद फारशी लागत नसे, पण दिवसभर उभे राहावे लागे. गिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी कामाचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले, त्यामुळे उन्हाळ्यात तो हिवाळ्यापेक्षा बराच लांबत असे, आणि रविवारी यंत्रे बंद असली तरी त्यांच्या साफसफाईसाठी कामगारांना पुष्कळदा बोलावले जाई.

ही मुले गिरणीत कशी पोचली, याचे उत्तर मजुरीच्या व्यवस्थेत सापडते. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांना नोकरी मिळे ती जॉबरच्या, म्हणजे कामगारांची भरती करणाऱ्या आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मुकादमाच्या हातून. पगार महिन्याने होई, आणि महिना उलटल्यावरही तो कित्येक आठवडे अडकवून ठेवला जाई. मधल्या काळात वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज वाढत राही. अशा घरात सात-आठ वर्षांच्या मुलाची तुटपुंजी मजुरी ही चैन नव्हती. त्या पैशांवर घरातला धान्याचा खर्च भागे. आईबापांच्या लोभामुळे मुले कामाला लागतात, असे गिरणीमालकांच्या बाजूने वारंवार सांगितले गेले, परंतु आईबापांची मजुरी अडवून ठेवणारे हात कोणाचे होते, हे त्या युक्तिवादात कधीच आले नाही, आणि म्हणूनच तो न्याय्य मानता येत नाही.

१८७५ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात गिरणीमालकांचे वजन मोठे असल्याने बहुमताने कायद्याची गरज नसल्याचा निर्वाळा दिला गेला. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ मध्ये स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला, पण तो कायदेमंडळात मांडण्यास सरकारने परवानगी दिली नाही. दुसरीकडे इंग्लंडमध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हा प्रश्न पार्लमेंटमध्ये उपस्थित केला होता, आणि मुंबईच्या स्वस्त सुतामुळे धास्तावलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही हिंदुस्थानात कायदा हवाच होता. परिणामी बहुतेक देशी वृत्तपत्रांनी कायद्याकडे परकीय स्पर्धकांचा डाव म्हणून पाहिले. त्यांचा संशय निराधार नव्हता. तरीही त्या संशयाची किंमत बॉबिनी उतरवणाऱ्या मुलांनी मोजली, हे नोंदवले पाहिजे.

अखेर १८८१ चा पहिला कारखाना कायदा संमत झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली, आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा, एक तासाची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या ठरवल्या. चहाचे मळे आणि निळीचे कारखाने त्यातून वगळले होते. नऊ तासांनंतर ते मूल कोठे जाईल, याविषयी कायद्यात अक्षरही नव्हते.

ते अक्षर दुसऱ्याच कागदावर लिहिले गेले. ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. वरिष्ठ शिक्षणावर होणारा सरकारी खर्च शेतकऱ्यांच्या करातून येतो आणि त्यांचीच मुले शाळेबाहेर राहतात, हा त्यांचा मूळ मुद्दा होता. ज्या वयाच्या मुलांसाठी एका वर्षापूर्वी कामाचे नऊ तास मुक्रर झाले होते, त्याच वयाच्या मुलांसाठी फुले शाळा मागत होते. सरकारच्या दोन खात्यांत पडलेले हे दोन विचार एकत्र आणले गेले नाहीत, आणि हिंदुस्थानातील बालमजुरीच्या पुढील इतिहासाचे दुखणे येथेच सुरू झाले, असे म्हणता येते.

फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी दुसऱ्या टोकाने हा प्रश्न धरला. १८८४ मध्ये नव्या चौकशी आयोगाच्या वेळी त्यांनी परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या साप्ताहिक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, ठरावीक वेळा, अपघातग्रस्ताला मदत आणि पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार अशा होत्या. या यादीत मुलांसाठी स्वतंत्र मागणी नसली तरी पगाराची तारीख ही मुलांच्याही हिताची मागणी होती, कारण बापाचा पगार वेळेवर हातात पडला तरच मुलाला गिरणीत धाडण्याची निकड कमी होणार होती. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ केले, नऊ ते चौदा या वयोगटाला सात तासांची मर्यादा घातली आणि पन्नास किंवा अधिक माणसे असलेले कारखाने कक्षेत घेतले.

सात तासांच्या या मुलांना ‘अर्धवेळ’ म्हणत. मुलांच्या दोन तुकड्या आळीपाळीने लावून गिरणी दिवसभर चालवता येई. परंतु जन्माची विश्वासार्ह नोंद बहुतेक घरांत नसे, आणि वय ठरवायचे ते डॉक्टरने उंची व दात पाहून. परिणामी लहान मूल मोठे ठरे, आणि अर्धवेळ म्हणून नोंदलेले मूल पूर्ण दिवस राबे. १९०५ च्या सुमारास विजेच्या दिव्यांमुळे सूर्यास्ताची मर्यादाही उरली नाही. १९०७-०८ च्या आयोगाने या पळवाटा उघड केल्या आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत मुलांसाठी सहा तास आणि वयाचा दाखला सक्तीचा केला. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरते होते आणि स्थानिक संस्थांच्या इच्छेवर सोडलेले होते. इतके सौम्य विधेयकही मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

१९२२ मध्ये किमान वय बारा झाले. दोन तुकड्या सांभाळण्याची खटपट मालकांना परवडेनाशी झाली, शहरात प्रौढ बेकारही मुबलक होते, आणि १९२५ पासून मुंबई महापालिकेने एफ आणि जी या, गिरणगावाचा मोठा भाग सामावणाऱ्या वॉर्डांत सक्तीचे शिक्षण सुरू केले. १९३० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतून अर्धवेळ मुले जवळजवळ नाहीशी झाली. यात कायद्याचा वाटा किती आणि बेकारीचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

मूल मात्र कामातून सुटले नाही. कामगारांच्या स्थितीची चौकशी करून १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाला अमृतसरच्या गालिच्यांच्या मागांवर आगाऊ रकमेपोटी गहाण टाकलेली मुले आढळली, आणि मद्रासच्या विडी कारखान्यांत पाच वर्षांची मुले दहा-बारा तास बसलेली आढळली. १९३३ मध्ये मुलांची मजुरी गहाण टाकण्याचे करार रद्दबातल ठरवले गेले आणि १९३८ च्या कायद्याने विडी, गालिचे, आगपेट्या अशा उद्योगांच्या कार्यशाळांत बारा वर्षांखालील मुलांना मनाई केली. या मनाईला एक अपवाद होता: भाडोत्री मजूर न लावता केवळ कुटुंबाच्या मदतीने चालणारी कार्यशाळा. सिन्नर किंवा निपाणीसारख्या गावांत ठेकेदार तेंदूची पाने आणि तंबाखू घरी देई, आई पाने कापून विड्या वळे आणि मुले त्यांची तोंडे बंद करून दोरा बांधत. घर हीच कार्यशाळा असल्याने तपासनिसाला तेथे शिरण्याचे कारणच उरत नसे, आणि मोजून घेतल्या जाणाऱ्या विड्यांच्या दरात मुलाच्या बोटांची मजुरी आईच्या नावावर आणि ठेकेदाराच्या नफ्यात मिसळून जाई.

हाच अपवाद १९८६ च्या बालमजुरी कायद्यात टिकला. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा एप्रिल २०१० मध्ये अमलात आला आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत मनाई केली. फुल्यांच्या निवेदनानंतर कामाचे वय आणि शाळेचे वय कायद्यात प्रथमच जुळले. त्याच दुरुस्तीत, शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या बिगरधोकादायक उद्योगात मदत करण्याची मुभा मात्र कायम ठेवण्यात आली.